कर विमानावर, बिल कुणाला?

रोज सीमा ओलांडायची आणि सीमाशुल्काचा छदामही भरायचा नाही, तेही राजरोस, हे विमानाला जमते. १९४४ च्या शिकागो कराराचे चोविसावे कलम त्याच्या पाठीशी आहे. एका देशाचे विमान दुसऱ्या देशात उतरले, तर ते तात्पुरते आले असे धरतात. टाकीतले इंधन, वंगण, सोबतचे सुटे भाग, खानपानाचा साठा, यांतले जे विमानातच राहून परत जाते त्यावर शुल्क लागत नाही. हे कलम नसते तर मुंबईहून दुबईला पोचलेल्या विमानाच्या टाकीत उरलेल्या इंधनाचीही पावती फाडावी लागली असती. विमानावर आयातशुल्क लागते ते खरेदी करून कुठल्यातरी देशात कायमचे दाखल करताना. त्याआधी त्याचे भाग वेगवेगळ्या सीमा ओलांडून कारखान्यात येतात, तेव्हाही ते लागू शकते. या पुस्तकातले बहुतेक लेख या दोन प्रसंगांभोवती फिरतात.

आयातशुल्क म्हटले की डोळ्यांसमोर बंदरावरचा कंटेनर येतो. माल उतरला, शुल्क भरले, दुकानातली किंमत वाढली, विषय संपला. विमानाचे गणित इतके सरळ नाही. बोइंग ७८७ घ्या. त्याचे पंख जपानमध्ये नागोया परिसरात मित्सुबिशी बनवते, आणि सांगाड्याचा सुमारे ३५ टक्के भाग जपानी कंपन्यांकडे आहे. धडाचे काही भाग इटलीतल्या ग्रोताल्येहून येतात. इंजिन जनरल इलेक्ट्रिकचे किंवा ब्रिटिश रोल्स-रॉइसचे. या विमानाच्या एका प्रकारासाठी लागणाऱ्या, प्रवाशांच्या पायांखालच्या फरशीला आधार देणाऱ्या तुळया नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात तयार झाल्या आहेत. जुळणी अमेरिकेत होते म्हणून विमान अमेरिकी. अमेरिकेने जपानी मालावर शुल्क बसवले की त्यातला काही भार थेट बोइंगच्या खर्चात जातो. जपानला धडा शिकवण्याचा हेतू असेल, तर तो बोइंगच्या मार्गे शिकवला जातो.

हे सगळे वाचताना एक गोष्ट मला पुनःपुन्हा दिसली. विमानावरचे शुल्क ज्याच्यावर नेम धरून लावले जाते, त्याला ते क्वचितच लागते. ज्याला थांबता येते, दुसरीकडे वळता येते, कागदपत्रांची मांडणी बदलता येते, तो सुटतो. ज्याला यातले काहीच शक्य नसते त्याच्या नावे ती रक्कम पडते. हा दावा प्रत्येक लेखकाला मान्य असेलच असे नाही. पण वाचकाने तो हाताशी ठेवून पुढे जावे आणि जिथे खोटा ठरेल तिथे तो टाकून द्यावा, अशी माझी विनंती आहे.

इतिहासाची सुरुवात बहुतेक जण १९७९ पासून करतात. मी सहा वर्षे मागे जाईन. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची स्नेक्मा यांना मिळून एक नवे प्रवासी इंजिन बनवायचे होते. त्याचा गाभा अमेरिकी बॉम्बर विमानासाठी विकसित केलेल्या एफ१०१ इंजिनातून घ्यायचा होता, म्हणून वॉशिंग्टनने निर्यात परवाना नाकारला. प्रकरण थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेले. १९७३ मध्ये आइसलँडची राजधानी रेक्याविक इथे निक्सन आणि पाँपिदू यांच्या भेटीत तोड निघाली. गाभा अमेरिकेतच बनेल, हे ठरले. त्याबरोबर आणखी एक अट होती, ती गोपनीय कागद २००७ मध्ये खुले झाल्यावर उजेडात आली : युरोपात येणाऱ्या अमेरिकी विमानांवर शुल्क लावण्याचा आग्रह फ्रान्सने धरायचा नाही. या तडजोडीतून सीएफएम ही कंपनी आणि सीएफएम५६ हे इंजिन जन्मले. आज आपण ज्या बोइंग ७३७ मध्ये किंवा एअरबस ए३२० मध्ये बसतो, त्यांतल्या बहुसंख्य विमानांच्या पंखांखाली ते इंजिन किंवा त्याचा वारसदार लीप असतो. टॅरिफ हा महसुलापेक्षा सौद्यातला पत्ता म्हणून या उद्योगात किती जुना आहे, ते एवढ्यावरून कळावे.

मग १९७९. टोकियो फेरीच्या वाटाघाटींत नागरी विमानांच्या व्यापाराचा करार झाला आणि १ जानेवारी १९८० पासून अमलात आला. नागरी विमाने, इंजिने, त्यांचे सुटे भाग, प्रशिक्षणाचे सिम्युलेटर, एवढेच काय, परदेशात करून आणलेली दुरुस्ती, या सगळ्यांवरचे शुल्क सदस्य देशांनी शून्यावर आणले. अमेरिका, कॅनडा, जपान, युरोपीय समुदाय यांनी त्यावर सह्या केल्या. भारत आणि चीन आजही निरीक्षकांच्या बाकावर आहेत. जगभर पोलाद, कापड, साखर यांवरून तंटे चालू असताना एका अख्ख्या उद्योगाने शुल्क बाजूला ठेवले, ही त्या काळातली मोठीच गोष्ट होती. त्यानंतरच्या चार दशकांत पुरवठ्याची जी लांबलचक साखळी उभी राहिली ती या शून्याच्या भरवशावर. नागोयाहून पंख, इटलीहून धड, फ्रान्समधल्या तुलूजहून अमेरिकेला अख्खे विमान, हे सगळे परवडले कारण मध्ये कुठेही तिजोरीचा हात आडवा येत नव्हता.

शुल्क गेले, पण अनुदानावरून भांडण राहिले. १९७० मध्ये एअरबस स्थापन झाली ती युरोपीय सरकारांच्या कर्जाच्या टेकूवर. विमान खपले तर परतफेड, नाही खपले तर सरकारचे नुकसान, अशी ती कर्जे होती. बोइंगला हे खुपत होते. एअरबसचे उत्तर तयार असे : तुम्हाला संरक्षण खात्याची कंत्राटे आणि राज्यांच्या करसवलती मिळतात, त्यांचे काय? १९९२ मध्ये एक करार होऊन थेट सरकारी मदत विकासखर्चाच्या ३३ टक्क्यांवर मर्यादित झाली. २००४ मध्ये अमेरिकेने तो करार सोडून जागतिक व्यापार संघटनेत दावा ठोकला, युरोपने प्रतिदावा केला. पंधरा वर्षे निकालपत्रांची बाडे वाढत गेली. दोघेही दोषी ठरले, दोघांनाही दुसऱ्यावर शुल्क लावायची मुभा मिळाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेला वर्षाला ७.५ अब्ज डॉलरच्या मालावर, पुढच्या वर्षी युरोपला सुमारे ४ अब्ज डॉलरच्या मालावर.

पुढे जे झाले त्याला आपल्याकडे ‘आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी’ म्हणतात. अमेरिकेने एअरबसच्या विमानांवर १० टक्के, नंतर १५ टक्के शुल्क लावले. स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की, स्पेनचे ऑलिव्ह आणि इटलीचे पार्मेझान चीज यांच्यावर मात्र २५ टक्के. इटली तर एअरबसच्या मूळ भागीदारांतही नाही. पंखांच्या अनुदानाशी दुरूनही संबंध नसलेले चीज उत्पादक या तंट्यात सापडले, कारण त्यांच्या सरकारवर दबाव आणायला ते सोयीचे होते. युरोपने बोइंगवर १५ टक्के आणि ट्रॅक्टर, रम वगैरेंवर २५ टक्के लावून फिट्टंफाट केली. जून २०२१ मध्ये दोघांनी पाच वर्षांचा युद्धविराम केला. विमानांवरचे शुल्क विमानांपेक्षा जास्त इतरांनाच लागते, या माझ्या समजुतीला पहिला आधार इथे मिळाला.

दुसरा आधार कॅनडातला, आणि तो जरा सावकाश सांगण्यासारखा आहे. २०१६ मध्ये डेल्टा एअरलाइन्सने बॉम्बार्डिए कंपनीच्या सी सिरीजची ७५ विमाने मागवली. शंभर-सव्वाशे आसनांचे, नव्या बांधणीचे, इंधन कमी खाणारे विमान. बोइंगने पुढच्या वर्षी अमेरिकी वाणिज्य खात्याकडे तक्रार केली की जे विमान बनवायला ३.३ कोटी डॉलर लागतात ते १.९६ कोटींना विकले जाते आहे आणि त्यामागे क्यूबेक आणि कॅनडा सरकारचा पैसा आहे. त्या आकाराचे विमान त्या वेळी बोइंगकडे नव्हतेच, डेल्टाच्या या खरेदीत ती स्पर्धकही नव्हती. तरी डिसेंबर २०१७ मध्ये वाणिज्य खात्याने एकूण २९२ टक्के शुल्क जाहीर केले. म्हणजे विमानाची किंमत जवळपास चौपट. बेलफास्टमध्ये या विमानाचे पंख बनत. तिथल्या कामगारांच्या नोकऱ्यांसाठी ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांना थेट ट्रम्प यांच्याशी बोलावे लागले.

दरम्यान ऑक्टोबरमध्येच बॉम्बार्डिएने एक पाऊल टाकले होते. कर्जात बुडालेल्या कंपनीने सी सिरीजची बहुसंख्य मालकी एअरबसला देऊ केली, रोख मोबदल्याशिवाय. एअरबसकडे अलाबामातल्या मोबाइल शहरात २०१५ पासून जुळणीचा कारखाना होता. विमान तिथे जोडले तर ते आयात ठरणारच नाही, हे उघड गणित होते. आणि मग जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ४ विरुद्ध ० मतांनी सांगितले की या विक्रीमुळे बोइंगचे काहीही नुकसान झालेले नाही. शुल्क एक दिवसही वसूल झाले नाही. पण तोवर विमान एअरबसच्या घरात जायचे ठरून गेले होते, आणि त्याच वर्षी ते ए२२० हे नवे नाव घेऊन तिथे गेले. बोइंगने दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला बाजारातून काढायला शस्त्र उचलले आणि ते विमान आपल्या सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्ध्याच्या हाती सोपवले. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ, या म्हणीचे इतके चोख उदाहरण उद्योगजगतात दुसरे सापडणे कठीण. न लावलेले शुल्कही बाजाराची फेरमांडणी करू शकते, हा त्यातला धडा या पुस्तकातल्या निम्म्याहून अधिक लेखांत कुठे ना कुठे येतो.

या विषयावर विचार करणाऱ्यांचे जे संप्रदाय आहेत, त्यांची ओळख करून देणे प्रस्तावनेचे काम आहे. त्यातला पहिला मराठी वाचकाला परका नाही. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात जर्मन विचारवंत फ्रेडरिक लिस्टचा आधार घेऊन त्यांनी सांगितले की इंग्लंडला सोयीचा खुला व्यापार प्रत्येक देशाला प्रत्येक काळी सोयीचा असतोच असे नाही. कोवळ्या उद्योगाला आधार लागतो. विमाननिर्मितीत ही शिकवण ज्यांनी मनावर घेतली त्यांत ब्राझीलची एम्ब्राएर यशस्वी झाली आणि इंडोनेशियाचा एन-२५० चा प्रयत्न आशियाई आर्थिक संकटात बुडाला. आधार द्यावा की नाही यापेक्षा तो किती काळ आणि कुठल्या अटींवर द्यावा, हा प्रश्न महत्त्वाचा असतो, असे या दोन उदाहरणांवरून मला वाटते.

दुसरा संप्रदाय १९८० च्या दशकातला. जेम्स ब्रँडर आणि बार्बरा स्पेन्सर यांनी मांडले की ज्या बाजारात दोनच खेळाडू टिकू शकतात तिथे सरकारी मदत प्रतिस्पर्ध्याला माघार घ्यायला लावू शकते आणि नफा आपल्या देशाकडे ओढू शकते. पॉल क्रुगमन यांनी हे समजावताना बोइंग आणि एअरबसचा तक्ता मांडला, आणि तेव्हापासून अर्थशास्त्राच्या वर्गांत ही दोन नावे गणितातल्या क्ष आणि य सारखी वापरली जाऊ लागली. स्वतः क्रुगमन मात्र या सिद्धान्ताच्या व्यवहारातल्या वापराबद्दल साशंक होते, हे त्यांचा हवाला देणारे बऱ्याचदा विसरतात.

तिसरा संप्रदाय मला सर्वांत उपयोगी वाटतो. मॅक्स कॉर्डन यांनी १९६० च्या दशकात प्रभावी संरक्षणाची कल्पना मांडली : अंतिम मालावर किती शुल्क आहे एवढे पाहू नका, कच्च्या मालावर किती आहे तेही पाहा. समजा विमान १०० रुपयांना विकायचा करार आधीच झालेला आहे आणि त्यातले ६० रुपये बाहेरून येणाऱ्या भागांचे आहेत. भागांवर १० टक्के शुल्क बसले तर ६ रुपये वाढले. निर्मात्याच्या स्वतःच्या कामाचे मोल ४० वरून ३४ वर आले, म्हणजे थेट १५ टक्क्यांची घट. परदेशी माणसावर लावलेल्या दहा टक्क्यांनी घरच्या कारखानदाराचे पंधरा टक्के नेले. विमानांचे करार अनेक वर्षे आधी होतात आणि किंमतवाढीची कलमे मर्यादित असतात, म्हणून हे उदाहरण कागदी नाही.

चौथ्या पंथाला मी सुरक्षावादी म्हणतो. त्याचे हत्यार १९६२ च्या अमेरिकी व्यापार विस्तार कायद्याचे कलम २३२. राष्ट्रीय सुरक्षेला धोका दिसला की राष्ट्राध्यक्षांना शुल्क लावता येते. १ मे २०२५ ला या कलमाखाली नागरी विमाने आणि जेट इंजिनांचीच चौकशी सुरू झाली. तोवर मित्रदेशांच्या विमानांकडे धोका म्हणून कुणी पाहिले नव्हते.

यातूनच २०२५ कडे येऊ, कारण या पुस्तकाची निकड त्या वर्षाने निर्माण केली. एप्रिलमध्ये अमेरिकेने जवळपास सगळ्या जगावर १० टक्के पायाभूत शुल्क लावले आणि १९७९ चे शून्य, निदान अमेरिकेच्या दारात, मोडले. चीनशी बोली चढत चढत अमेरिकेकडून १४५ आणि चीनकडून १२५ टक्क्यांपर्यंत गेली. शियामेन एअरलाइन्सच्या रंगात रंगवलेले एक ७३७ मॅक्स चीनमधल्या झौशान इथल्या बोइंगच्या केंद्रात ताब्यात जाण्याची वाट बघत उभे होते. १९ एप्रिलला ते ग्वाम आणि हवाईत इंधन भरत सिअ‍ॅटलला परतले. सुमारे साडेपाच कोटी डॉलरच्या विमानावर सव्वाशे टक्के शुल्क कुठलीच कंपनी भरणार नव्हती, आणि ते बोइंगलाही ठाऊक होते. मे महिन्यात जिनिव्हात तह झाला, जूनमध्ये विमाने पुन्हा चीनला जाऊ लागली. चीनने याआधीही मॅक्स विमाने घेणे लांबवले होते, तेव्हा त्यांच्यासाठी बनलेली काही विमाने एअर इंडिया एक्स्प्रेसने घेतली. आपल्याकडचे काही प्रवासी चिनी कंपन्यांसाठी बसवलेल्या आसनांवर बसून प्रवास करत आले, ते या ताणाताणीचेच फळ.

खरी गंमत डेल्टाची. कंपनीचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी एप्रिलमध्येच सांगून टाकले की आम्ही विमानांवर शुल्क भरणार नाही, वेळ पडली तर ताबा घेणे पुढे ढकलू. ही हिंमत रिकामी नव्हती. २०१९ च्या शुल्काच्या वेळी त्यांना एक फट सापडली होती : शुल्क ‘नव्या’ विमानावर होते, आणि चाचणी किंवा ताबा घेण्यापलीकडे ज्याचे उड्डाण झाले ते नवे नाही. त्यांनी युरोपात विमान ताब्यात घ्यायचे आणि ते अमेरिकेबाहेरच्या मार्गांवर आधी फिरवायचे, असा क्रम लावला. २०२५ मध्ये एक नवे ए३५० तुलूजहून थेट घरी येण्याऐवजी टोकियोला गेले. आणखी पुढचे पाऊल म्हणजे युरोपात उभ्या असलेल्या नव्या ए३२१निओंची इंजिने काढून अमेरिकेला आणली गेली, आणि इंजिनांअभावी जमिनीवर बसलेल्या जुन्या विमानांना ती लावली. त्या नव्या विमानांच्या आसनांना मान्यता मिळायची होती हेही एक कारण होते, पण अमेरिकी बनावटीचे इंजिन परत आणताना शुल्क लागत नाही, हा हिशेब कुणी विसरले नव्हते. डेल्टाला हे परवडते. ताफ्यात आठ विमाने असलेल्या कंपनीला टोकियोचा वळसा घेता येत नाही.

निर्मात्यांकडेही अशी फट आहे. अमेरिकेत ‘ड्रॉबॅक’ नावाची सोय आहे : आयात भागांवर भरलेले शुल्क, तयार माल निर्यात झाला की ९९ टक्के परत. बोइंगच्या वित्तप्रमुखांनी हेच सांगून गुंतवणूकदारांना धीर दिला होता. परिणाम मात्र विचित्र होतो. बोइंगने दुबईला विकलेल्या विमानातल्या जपानी पंखांवरचे शुल्क परत मिळत होते, शिकागोच्या युनायटेडला विकलेल्या विमानातले मिळत नव्हते. अमेरिकेला समर्थ करायला लावलेले शुल्क शेवटी अमेरिकी ग्राहकालाच चिकटून राहते.

यात छोट्यांचे काय? पिट्सबर्गच्या हाउमेटने एप्रिलमध्ये ग्राहकांना पत्र लिहून ‘फोर्स मॅज्युअर’ची भाषा केली, म्हणजे परिस्थिती हाताबाहेर गेली तर पुरवठा थांबवण्याचा हक्क राखला. हाउमेट मोठी कंपनी आहे, तिच्याशिवाय बऱ्याच इंजिनांची पाती बनत नाहीत, म्हणून तिचे पत्र वाचले गेले. तिच्या खालच्या पायरीवर बोल्ट, बुशिंग, होल्डर कातणाऱ्या शेकडो वर्कशॉपनी असे पत्र पाठवले असते तर दुसऱ्या दिवशी ऑर्डर गेली असती. त्यांचे हिशेब कुठल्याच तिमाही अहवालात येत नाहीत. विमानांची इंजिने आणि भाग बनवणाऱ्या आरटीएक्सने त्या वेळी ८५ कोटी डॉलरचा, जनरल इलेक्ट्रिक एअरोस्पेसने ५० कोटी डॉलरचा भार जाहीर केला. जनरल इलेक्ट्रिक एअरोस्पेसचे प्रमुख लॅरी कल्प १९७९ च्या शून्याकडे परत चला असे उघडपणे सांगत होते.

आणि हळूहळू सगळे तिकडेच निघाले. जूनअखेर ब्रिटनच्या विमान उद्योगाला सूट मिळाली, जुलैच्या तहात युरोपची विमाने आणि सुटे भाग शून्यावर आले, जपानलाही तसेच मिळाले. ब्राझीलवर ऑगस्टमध्ये ५० टक्के लागले, पण एम्ब्राएरची विमाने त्यातून वगळली गेली, १० टक्के तेवढे राहिले. याचे कारण साधे होते : अमेरिकेतल्या छोट्या शहरांना जोडणारे ई१७५ सारखे विमान दुसरे कुणी बनवतच नाही, आणि त्याची इंजिने जनरल इलेक्ट्रिकची असतात. दरम्यान अमेरिकेने चीनच्या सी९१९ या प्रवासी विमानासाठी जाणाऱ्या इंजिनांचे निर्यात परवाने काही आठवडे रोखले आणि मग सोडले. निर्यातबंदी हे टॅरिफचेच सख्खे भावंड आहे, आणि अधिक घातक. शुल्क भरून माल मिळतो, परवाना नसेल तर मिळतच नाही.

विमान कंपन्यांची बाजू वाचताना एक आकडा लक्षात ठेवावा. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे ‘आयाटा’ने, जून २०२५ मध्ये त्या वर्षाचा अंदाज दिला तो प्रवाशामागे ७ डॉलर २० सेंट निव्वळ नफ्याचा. जगातल्या महागड्या यंत्रांपैकी एक चालवून हाती एका बऱ्या जेवणाचे पैसे उरतात. भाडेकराराने घेतलेल्या विमानावरचे कर बहुधा भाडेकरूने भरायचे असतात, मालक, बहुधा डब्लिनमधली भाडेकंपनी, निवांत असतो. नवी विमाने लांबली की जुनी जास्त दिवस चालवावी लागतात, त्यांचे इंधन आणि दुरुस्ती जास्त. शिवाय शुल्क मालावर लागले तरी प्रवासाची इच्छाही कमी होते. कॅनडातून अमेरिकेला जाणाऱ्यांचा ओघ २०२५ मध्ये आटला आणि कंपन्यांनी उड्डाणे कमी केली. मालवाहू विमानांना अमेरिकेत येणाऱ्या ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी संपल्याचा फटका बसला. हा शेवटचा विषय एका स्वतंत्र ग्रंथाचा आहे, इथे त्याला एकच लेख मिळाला आहे.

आपल्या देशाची गोष्ट निराळी आहे. भारत १९७९ च्या करारात नाही, तरी नियमित उड्डाणे करणाऱ्या कंपन्यांच्या विमानांना आयातशुल्काची सूट आहे. ती अधिसूचनेने मिळते आणि अधिसूचनेनेच जाऊ शकते. आपला त्रास सीमेवर कमी आणि आत जास्त आहे. विमानाच्या इंधनावरचा राज्यांचा व्हॅट घ्या. इंधन जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा दर वेगळा. महाराष्ट्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई आणि पुण्यासह काही भागांत तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले की तो २५ होता. दुरुस्तीवर १८ टक्के जीएसटी होता तोवर विमाने श्रीलंका आणि सिंगापूरला पाठवणे स्वस्त पडत होते. एप्रिल २०२० पासून तो ५ टक्के झाला. सुट्या भागांवर ५, १२, १८, २८ असे चार दर होते, एखादा भाग कुठल्या कप्प्यात जातो यावर वाद होत. जुलै २०२४ पासून सगळ्यांवर ५ टक्के.

सर्वांत बोलके प्रकरण परदेशात दुरुस्त होऊन परत येणाऱ्या इंजिनांचे. इंजिन गेले, दुरुस्त झाले, परत आले. दुरुस्ती ही सेवा म्हणून तिच्यावर कर भरला. सीमाशुल्क खात्याने म्हटले, वस्तू परत येते आहे, म्हणून पुन्हा कर भरा. इंडिगोच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही दुसरी आकारणी घटनाबाह्य ठरवली. १९७९ च्या करारात नेमकी हीच दुरुस्ती शुल्कमुक्त ठेवली होती, हे इथे आठवावे.

आणि निर्यातीची बाजू. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीत, हैदराबादेत, बंगळुरात एअरबस आणि बोइंगचे भाग बनतात. नागपुरात फाल्कन जेटची संपूर्ण जुळणी करण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली. दोनच महिन्यांनी, २७ ऑगस्टपासून, भारतीय मालावरचे अमेरिकी शुल्क ५० टक्क्यांवर गेले. युरोप आणि जपानच्या विमानभागांना मिळालेली शून्याची सवलत तेव्हा आपल्याकडे नव्हती. विमानाचा भाग बदलायचा तर नव्या पुरवठादाराची प्रमाणपत्रे मिळायला वर्षे लागतात, म्हणून ग्राहक लगेच पळत नाही. पण पुढची ऑर्डर कुणाला द्यायची, हे त्याच काळात ठरत असते.

या संग्रहात आम्ही अर्थतज्ज्ञ, सीमाशुल्क सल्लागार, विमान देखभालीत आयुष्य काढलेले अभियंते आणि भाडेकरार लिहिणारे वकील यांना एकत्र बसवले आहे. हेतू एवढाच की वर्तमानपत्रात टॅरिफची बातमी आली की मराठी वाचकाला टक्क्यांच्या पुढे जाऊन विचारता यावे : शुल्क पूर्ण विमानावर आहे की भागांवर? ड्रॉबॅक मिळतो का? करारात कराचा भार कुणावर टाकला आहे? लष्करी विमाने आम्ही जाणूनबुजून बाहेर ठेवली, कारण तिथे किंमत आणि गरज दोन्ही सरकारच ठरवते. हवामान शुल्क आणि युरोपची कार्बन व्यवस्था यांना ओझरता स्पर्श आहे. तो विषय वाढतो आहे, पुढच्या आवृत्तीत त्याला जागा करावी लागेल.

लेखकांची मते जुळत नाहीत. भारताने १९७९ च्या करारात सामील व्हावे की नाही, यावर तर दोन लेख एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एकाचे म्हणणे, शून्याची लेखी हमी मिळाल्याशिवाय इथे कुणी मोठा कारखाना टाकणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, विमानांची एवढी मोठी खरेदी करणाऱ्या देशाने शुल्काची तलवार म्यानात ठेवावी, पण घरी विसरू नये, कारण इथे जुळणी करा असे सांगायला हातात तेवढेच आहे. माझा कल पहिल्याकडे आहे. दुसऱ्या लेखकाने मोबाइल शहरातल्या कारखान्याचे उदाहरण देऊन मला अडचणीत आणले, हे खरे. दोन्ही लेख शेजारी शेजारी छापले आहेत, आणि त्यांचा क्रम आडनावांनुसार लावला आहे.